थोरलीचं फूल

लग्न होऊन जळगावला आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी घर दाखवलं नाही, अंगण दाखवलं. माप ओलांडून झालं होतं, पायाचं कुंकू अजून ओलं होतं, आणि त्या माझा दंड धरून मला एकेका झाडापाशी नेत होत्या. “हाई तगर. थोरलीना हातनी शे. हाऊ मोगरा, हाऊबी थोरलीना. हाई गुलबक्षी तिनी धुळाहून आनेल व्हती.” मी नवी नवरी, मान खाली. त्यामुळे मला झाडांची नुसती बुडं दिसत होती, आणि प्रत्येक बुडाशी ओलं आळं होतं. पावसाला अजून अवकाश होता. भडगावच्या बाजूला, आमच्या गावात, त्या दिवसांत प्यायच्या पाण्यासाठी गिरणा नदीच्या वाळूत झिरे खणावे लागत. आणि इथं मेलेल्या बाईची तगर पोटभर पाणी पीत होती. माझा जळफळाट तिथंच सुरू झाला.

थोरली म्हणजे यांची पहिली बायको. धुळ्याची, शहरातली. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. दोन वर्षांनी मला आणलं. हे जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. कापसाचा हंगाम आला की भोंग्याबरोबर जायचे आणि भोंग्याबरोबर यायचे, मिशांना, पापण्यांना कापसाचा भुगा चिकटलेला. बोलायचे कमी. थोरलीबद्दल तर एक अक्षर नाही. तिच्याबद्दल जे काही बोलायचं ते सासूबाई बोलत, आणि दिवसभर बोलत.

दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात आमच्याकडे मंगळसूत्राबरोबर आणखी एक वस्तू पडते. तिला टाक म्हणतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. ही मेलेली सवत. तिला गळ्यात बाळगायचं म्हणजे ती रुसत नाही, नवीच्या संसाराला नजर लावत नाही. आंघोळ झाली की आधी तिला कुंकू, मग आपल्याला. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी तिला टेकवायचा, मग नेसायचं. डोक्यात फूल माळायचं असेल तर पहिलं फूल तिला, दुसरं आपल्याला. या रीतीत मला नवं काही नव्हतं. आमच्या गावात दोन बायकांच्या गळ्यात मी असे टाक पाहिले होते आणि लहानपणी त्या बायकांकडे एक डाग, एक दागिना, जास्त आहे म्हणून मला हेवाही वाटला होता. स्वतःच्या गळ्यात पडल्यावर कळलं की तो डाग नव्हे. भाकरी थापायला वाकलं की तो पुढं लोंबायचा आणि काठवटीवर टक टक वाजायचा. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, “थोरली बोलस.”

माझ्या माहेरी झाडं कुणाच्या हातची नसत. फाल्गुनात पळस पेटायचा, तो काय कुणी लावलेला होता? बांधावरचा तरवड, त्याची हळदीसारखी पिवळीधमक फुलं, शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही म्हणून बारमाही उभा. काटेसावरीच्या खाली पडलेली मांसल तांबडी फुलं आम्ही पोरी गोळा करून घर-घर खेळायचो. श्रावणात कुंपणावर कळलावी चढायची. पानाच्या टोकाला बारीक आकडा, त्यानं ती बोरीला धरून वर जायची, आणि मग तिची लाल-पिवळी फुलं पाकळ्या मागं टाकून खाली बघत बसायची. तिला घरात आणायची सोय नव्हती, आणलं तर भांडणं होतात म्हणत. शेतात कुर्डू, वाटेवर टाकळा, ओढ्याला रुई. तिथं कुणी म्हणत नसे की हा टाकळा अमकीनं लावला, जरा जपून चाल.

इथं पाऊल टाकायला जागा नव्हती. तगर म्हणजे अंगणातली सोवळी बाई. पांढरीशुभ्र, वास नाही, पण पूजेला तिच्याशिवाय चालत नाही. कर्दळ नुसती पानांनी फुगलेली, मोरीचं सगळं पाणी एकटी ढोसणारी. गुलबक्षी संध्याकाळी नटून उभी राहायची, सकाळी तोंड वाळलेलं. आणि मोगरा. मोगऱ्याला मी काही बोलू शकत नाही. वैशाखाच्या धगीत संध्याकाळी त्याला वास सुटला की माझासुद्धा राग पळायचा आणि मग जास्तच यायचा, कारण हे कामावरून आले की आधी मोगऱ्यापाशी थांबत. तिथं हातपाय धूत, चूळ भरत, ते पाणी मोगऱ्याला जाई. माझ्याकडे बघायला त्यांना पुसायचं फडकं लागेपर्यंत वेळ नसे.

मला त्या अंगणात माझ्या हातचं एक झाड हवं होतं. एवढंच. जगलेलं, फुललेलं, आणि ज्याच्याकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणेल की हे धाकटीचं. दुसरी झाले म्हणून भांडीकुंडी दुसऱ्याची मिळाली, उशी दुसऱ्याची मिळाली, नवरा तर दुसऱ्याचाच मिळाला. झाड तरी माझं असावं.

पहिल्या पावसाळ्यात शेजारणीकडून जास्वंदीची फांदी आणून लावली. लागली, पालवली, मार्गशीर्षात एक कळीही धरली. उन्हाळा आला, विहिरीचा तळ दिसायला लागला, आणि पाण्याचा हिशेब सासूबाईंच्या हातात. आधी माणसं, मग गाय, मग थोरलीची झाडं. मग जे उरेल ते. कधी उरलंच नाही. जास्वंद जागेवर वाळली. दुसऱ्या वर्षी माहेराहून गोकर्णाच्या बिया आणल्या, निळी गर्द फुलं आली, सासूबाईंनी वेल उपटला कारण तो तगरीवर चढत होता. तिसऱ्या वर्षी शेवंतीची रोपं लावली ती गाईनं खाल्ली. गाईवर रागावून काय करणार. पण ती मोगऱ्याला कधी तोंड लावत नसे, हे मी बघून ठेवलं होतं.

शेवटी मी चिडून बांधावरचा तरवडच आणला. म्हटलं, घ्या, याला तुमचं पाणी नको. मागच्या दाराशी, गव्हाणीच्या पलीकडे लावला. सासूबाई म्हणाल्या, “रानमानं झाड दारमा कसाले?” तरवड जगला. भर उन्हात फुलला. आणि कुणी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. जगण्याचं कौतुक होत नाही हे मला त्या झाडानं दाखवलं, पण मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं. मला कौतुकच हवं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या अंगणात एका कोपऱ्यात निंबाचं, म्हणजे कडुनिंबाचं, झाड होतं, मातीच्या कुंपणभिंतीला लागून. त्या निंबाखाली जमीन सपाट, कोरडी, उघडी. तिथं काही लावायचं नाही, तिथं कुदळ मारायची नाही, तिथं राख टाकायची नाही. थोरली दुपारी तिथं बसून दाणे निवडायची म्हणे. आणि तिथंच दर आखाजीला तिचं फूल येई.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमचा मोठा सण. लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला, चिंचेला झोके बांधतात, गाणी म्हणत उन्हं कलेपर्यंत झोका घेतात. आणि त्याच दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांची घागर भरतात. नवं मातीचं भांडं पाण्यानं भरायचं, त्यावर गाडगं, त्यावर डांगर, खरबूज म्हणतात त्याला. सांजोऱ्या, आमरस यांचा नैवेद्य. उन्हाळ्याची तहान मेलेल्यांनाही लागत असेल, म्हणून त्यांना पाणी. आमच्या घरी थोरलीची घागर असे, आणि ती मी भरायची. ज्या बाईच्या गळ्यात टाक, तिच्याच हातचं पाणी सवतीला पोचतं. म्हणून लग्न झाल्यापासून एकही आखाजी मला माहेर नव्हतं. माझ्या बहिणी भडगावच्या बाजूला झोके घेत होत्या, आणि मी इथं तिला पाणी पाजत होते. गल्लीतल्या माहेरवाशिणी आमच्याच निंबाच्या मोठ्या फांदीला झोका बांधायच्या. त्यांचं लुगडं वाऱ्यानं फुगलेलं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. तोंडात सांजोरी नुसती फिरत राहायची.

पूजा झाली की संध्याकाळी त्या घागरीचं पाणी निंबाखालच्या कोपऱ्यात ओतायचं. त्यानंतर पंधरवडाभर सासूबाई रोज सकाळी तिथं जाऊन वाकून बघायच्या. आणि एका सकाळी त्या ओरडायच्या, “उनी! उनी वं माय! पानी पोचनं!” म्हणजे थोरली आली, तिला पाणी पोचलं.

कोरड्या, टणक जमिनीतून एक देठ वर आलेला असायचा. पान नाही, फांदी नाही, काही नाही. नुसता जाड, ठिपक्याठिपक्यांचा देठ. दोन-चार दिवसांत त्याच्या टोकाला तांबडा लालभडक चेंडू उमलायचा, शंभर बारीक फुलांचा एक गोळा, प्रत्येक फुलातून केसर बाहेर. दुसऱ्या कुठल्या घरी असं फूल नव्हतं. थोरली जिवंत असताना तिथं काही आलं नव्हतं. ती गेली आणि पहिल्याच आखाजीला पाणी ओतल्यावर ते आलं. मग पावसात तिथं रुंद पानं फुटायची, थंडीत ती पिवळी होऊन जिरून जायची, आणि जमीन पुन्हा सपाट. सगळ्या गल्लीला माहीत होतं की ती पाणी प्यायला येते. बायका बघायला येत, हात जोडत. सासूबाई भरल्या डोळ्यांनी सांगत, “सून व्हती ती, लेकपेक्षा भारी.” मी चहाचे पेले घेऊन बाजूला उभी.

मी खरंच तिला घाबरत नव्हते. मला तिचा राग येत होता. जिवंतपणी घर घेतलंस, मेल्यावर अंगण घेतलंस, माझ्या गळ्यात बसलीस, माझी आखाजी खाल्लीस, आणि वर फूल काढून दाखवतेस? माझी जास्वंद वाळते आणि तू जमिनीतून हसत वर येतेस? एकदा तर मी घागर ओतताना मुद्दाम हळू आवाजात म्हटलं, “यंदा नको येऊस.” ती आली. जास्तच मोठी आली.

मग एका पावसाळ्यात फार झड लागली आणि निंबामागची भिंत बसली. दिवाळीच्या आधी गवंडी आला. पायासाठी खणायलाच हवं होतं, त्यामुळे सासूबाईंचा नाइलाज झाला. त्या दिवशी त्या नात्यातल्या बारशाला गेल्या होत्या. मी गवंड्याला पाणी द्यायला गेले तर त्यानं मातीत फावडं घातलं आणि वर काढलं तर त्यात कांदे.

पुष्कळ कांदे. एकमेकांना चिकटलेले, मोठ्याच्या पोटाशी लहान, सालीवर तांबूस ठिपके. माझ्या माहेरी बांधावर असे रानकांदे निघतात, त्यामुळे मला क्षणात उमगलं. हे दर वर्षी झोपतं, आणि घागरीचं पाणी पडलं की जागं होतं. ही ती नव्हे. हा कांदा आहे! मी तिथंच खाली बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. गवंडी बघत राहिला. त्याला वाटलं असेल, बाईला ऊन लागलं.

पदरात घालून सगळे कांदे मी आत नेले आणि जुन्या मडक्यात राखेत ठेवले. फेकून देता आले असते. उकिरडा जवळ होता. पण फेकून दिले असते तर फूल आलं नसतं, आणि मग सासूबाई म्हणाल्या असत्या की थोरली रुसली, धाकटीमुळे रुसली. तेवढी अक्कल मला होती. त्यापेक्षा मला एक चांगली गोष्ट सुचली. भिंत झाल्यावर एक मोठा कांदा मी होता तिथंच पुरला. बाकीचे गल्लीत वाटले. पापड लाटायला बायका जमत तिथं एकीला, पाणी भरताना दुसरीला, शेवटी दारोदार जाऊन. आणि प्रत्येकीला स्पष्ट सांगितलं, हा कांदा आहे, आमच्या निंबाखालचा. अंगणात कुठंही पुरा, वैशाखात पाणी घाला, फूल येतं. कुणाच्याही घरी येतं.

मला ते फूल स्वस्त करायचं होतं. दारोदारी आलं, मोरीपाशी आलं, गोठ्यापाशी आलं, की मग थोरलीचं काय उरणार? मला त्याची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

आखाजी आली. मी घागर भरली, ओतली, आणि पहिल्यांदाच मजेत वाट बघत बसले. पंधरवड्यानं आमच्याकडचा देठ वर आला. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरी. मग तेल्याच्या आळीला वळतं त्या कोपऱ्यावर. मग सगळीकडे. लाल चेंडूच चेंडू. मी लुगडं सावरून बाहेर पडले, मुद्दाम सगळ्यांकडे बघत जायला.

समोरची आपल्या मेलेल्या सासूबद्दल म्हणाली, “मन्या सासूले पोचनं वं. मरताना पानी पानी करे ती.” मी म्हटलं, “अहो अक्का, तो कांदा आहे, मीच दिला ना तुम्हाला.” ती म्हणाली, “हो ना. तूच दिधा. तुनं भलं होवो.” पुढच्या घरी बाई फुलासमोर निरांजन लावून बसली होती. तिची तीन वर्षांची पोर देवीच्या साथीत गेली होती. स्वतःच्या हातानं तिनं तो कांदा पुरला होता, मी बघत असताना. आता ती त्या फुलाला दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा दाखवत होती आणि काहीतरी हळू बोलत होती. मी आल्या पावली मागं फिरले.

घरी आले तर सासूबाई ओट्यावर, आनंदानं फुललेल्या. “बठ्ठास्ना घर गयी मनी थोरली. बठ्ठास्ले पानी पोचाडं तिनी.” सगळ्यांच्या घरी थोरलीच गेली म्हणे, आणि सबंध गल्ली आता तिचं नाव घेत होती. पूर्वी ती आमच्या एका कोपऱ्यात यायची, मी तिला घरोघर नेऊन बसवलं होतं. आणि गल्लीत मी एकटीच अशी होते जिच्या अंगणात स्वतःचं म्हणावं असं कुणी वर आलं नव्हतं. माझी मेलेली माणसं माहेरची. त्यांची घागर माझ्या भावजयी भरत होत्या.

त्या दुपारी हे जेवायला बसले. मी ताट आपटूनच वाढलं. यांनी वर बघितलं. मी म्हटलं, “ते फूल म्हणजे कांदा आहे. तुमची थोरली वगैरे कुणी येत नाही.”

हे भाकरी मोडत म्हणाले, “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“मीच पुरला तो.”

मग हे सांगू लागले. हे इतकं बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते. थोरली गेली तेव्हा सासूबाईंनी अन्न टाकलं होतं. चार घास कोंबावे लागत. एकच म्हणणं, पोर तहानलेली गेली, बाळंतपणात पाणी मागत होती आणि सुईणीनं देऊ दिलं नाही. माझ्या घरात ती पाण्यावाचून गेली. यांना काही सुचेना. कापूस घ्यायला येणाऱ्या साहेबाच्या बंगल्यात माळी होता, त्याच्याकडे यांनी हे फूल पाहिलं होतं. पाणी पडलं की उठतं म्हणून माळी बोलला होता. एक कांदा आणून यांनी आई झोपलेली असताना निंबाखाली पुरला, आणि आखाजीला आईला म्हणाले की ती इथं बसायची, घागर इथं ओत. फूल आलं त्या दिवशी सासूबाई पोटभर जेवल्या.

“आईला सांगू नको,” हे म्हणाले आणि पाण्याचा तांब्या ओढला.

मी खरं तर गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणी बाई बसली असती. नवरा चांगला आहे, आईसाठी एवढं केलं, असं मनात म्हणून ताट उचललं असतं. पण माझ्या पोटात इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, ते दुसऱ्याच दिशेनं उसळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाला असलं काही येतच नाही. फुलाची आवड नाही, बोलायची आवड नाही, जिनाच्या भोंग्यात कान गेलेले. म्हणून मी मुकाट होते. आणि याला सगळं येत होतं! कांदा आणायचा, लपून पुरायचा, वाट बघायची, सगळं येत होतं. फक्त माझ्यासाठी आलं नव्हतं.

“मग माझ्यासाठी कधी काही पुरलंत का?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “माझी जास्वंद वाळली तेव्हा दिसली नाही तुम्हाला?”

हे खरोखर गोंधळले. आणि मग अगदी सरळपणे, समजूत घालावी तसे म्हणाले, “तू तर जिवंत आहेस ना.”

मी उठून मागच्या दारी गेले आणि तरवडाजवळ बसून रडले. रागानं रडले. म्हणजे या घरात बाईला फूल हवं असेल तर आधी मरायला हवं? तिनं मरून मिळवलं, मी रोज राबून, पाणी ओढून, टाकाला कुंकू लावून काही नाही? आणि गंमत अशी की ते बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्या मनात जिवंत माणसाला आणखी काही द्यावं लागतं हे आलंच नव्हतं. भाकरी आहे, छप्पर आहे, बाई जिवंत आहे. संपलं.

पुढं काही दिवस मी यांच्याशी कामापुरतं बोलत होते. मग एका रविवारी हे कुठंसे जाऊन आले. घामानं भिजलेले, टोपी हातात. उपरण्याची गाठ सोडली तर आत एक कांदा. तोच. तांबूस ठिपक्यांचा.

“माळ्याकडे दुसरं काही नव्हतं,” हे म्हणाले.

मला हसू आलं आणि चीडही आली. दुसऱ्या बायकोला तेच फूल. गल्लीत पन्नास उगवलेत, आणि हा माणूस बंगल्यापर्यंत उन्हात चालत जाऊन एकावन्नावं घेऊन आला. पण निंबाखालचा, तिचा कांदा उकरला नव्हता त्यानं, हेही माझ्या लक्षात आलं. यांनी कुदळ घेतली आणि अंगणात येऊन विचारलं, “कुठं लावू?”

ओट्यावरून सासूबाई बघत होत्या. मोगऱ्याजवळची जागा ओली होती, निंबाखाली सावली होती. इतकी वर्षं मी त्या जागांसाठी धुमसत होते, आणि आता मला विचारलं जात होतं.

“तिच्यापासून लांब,” मी म्हटलं.

मागच्या दाराशी, माझ्या तरवडाच्या शेजारी यांनी तो पुरला. त्या वर्षी नुसती पानं आली. मी भांडी विसळलेलं पाणी चोरून त्याला घालत होते, सासूबाईंच्या हिशेबातून काढून. थंडीत पानं गेली. मग पुढची आखाजी, पुन्हा थोरलीची घागर, पुन्हा माहेर नाही. संध्याकाळी घागर रीतीप्रमाणे निंबाखाली ओतली. माझ्या कांद्याला मी माझ्या आंघोळीचं पाणी घातलं.

दोन्ही देठ एकाच आठवड्यात वर आले. माझं फूल जरा लहान होतं. मी दहादा जाऊन बघितलं, बोटांनी मापलं, लहानच होतं. तरी ते माझं होतं. मागच्या दाराशी तरवडाचा पिवळा आणि त्याखाली तो लाल गोळा. हे सकाळी जिनात जाताना पुढच्या दारानं न जाता मागून गेले. तिथं जरा थांबले आणि गेले.

सासूबाई मागून आल्या. बराच वेळ फुलाकडे बघत होत्या. मग माझ्या गळ्याकडे बोट करून म्हणाल्या, “पह्यलं फूल थोरलीले. रीत शे.”

कांद्याला वर्षाला एकच फूल येतं. पहिलं तेच आणि शेवटचं तेच. ते खुडून टाकाला वाहिलं की माझ्यासाठी पुढच्या आखाजीपर्यंत काही नाही, आणि पुढच्या आखाजीलाही पहिलं तिलाच.

“खुडस का नही?” सासूबाईंनी विचारलं.

“खुडलं तर पहिलं तिचं,” मी म्हटलं. “मी खुडतच नाही.”

रीत फक्त खुडलेल्या फुलाची होती. मी ते फूल झाडावरच ठेवलं, पाकळी न पाकळी वाळेपर्यंत. रोज सकाळी तिथं बसून मी दात घासायची, आणि टाक गळ्यात असल्यामुळे तीही बघत असेल तर तिला बघू देत होते.